डबलसीट, सामान आणि वाडा रोड

समृद्धी महामार्ग नागपूरहून निघतो, ७०१ किलोमीटर धावतो आणि भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापाशी येऊन थांबतो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. भिवंडीच्या मोटरसायकलवाल्याला मात्र दाराशी आलेल्या या रस्त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण त्यावर दुचाकीला मनाई आहे. नाशिक, पुढं इंदूर किंवा थेट लडाखकडं निघणाऱ्याच्या वाट्याला जुना मुंबई-आग्रा रस्ताच येतो: रांजणोली नाका, वडपे, पडघा, शहापूर, मग कसारा घाट. विक्रमगड-जव्हारकडं जायचं तर अनगाव, अंबाडी, कुडूस करत जाणारा वाडा रोड. वसईकडं जायचं तर अंजूरफाटा, कामण, चिंचोटी. यातल्या शेवटच्या दोन रस्त्यांचे खड्डे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. लोक आंदोलनं करतात, खडी पडते, पुढच्या सरीत ती वाहून जाते. दिवसरात्र गोदामांकडं धावणाऱ्या कंटेनरांनी डांबराला पाडलेले चर वेगळेच.

लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलचं मागचं सस्पेन्शन तपासायला यापेक्षा निर्दय जागा शोधून सापडणार नाही. इथल्या गॅरेजांमध्ये सर्वांत जास्त ऐकू येणारी मागणी अशी: "उस्ताद, मागचे शॉकअप बसलेत, जरा कडक करून द्या." उस्ताद हूक पाना घेतात, प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, खाच दोन घरं पुढं सरकवतात, गाडी मागून थोडी उचलली जाते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. काही ठिकाणी स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये रबराची गोळी ठोकून बसवतात. काही जण थेट महागडे, बाजूला सोनेरी बाटली असलेले शॉकअप मागवतात. या तिन्ही उपायांत एक प्रश्न राहून जातो: गाडीवर वजन किती आहे?

मागचं सस्पेन्शन म्हणजे मुळात तीन गोष्टी. गॅरेजच्या भाषेत ज्याला चिमटा म्हणतात तो, चाक धरून वर-खाली हलणारा दांडा. वजन पेलणारी स्प्रिंग. आणि स्प्रिंगच्या उड्यांना लगाम घालणारा तेलाचा दट्ट्या, म्हणजे डँपर. सुरुवातीच्या बहुतेक मोटरसायकलींना मागं यातलं काहीच नसे. चाक सांगाड्याला थेट जोडलेलं आणि स्वाराच्या नशिबी फक्त सीटखालच्या स्प्रिंगा. इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंटनं १९२८ पासूनच आपल्या गाड्यांना मागं सस्पेन्शन दिलं होतं, पण बाकीच्यांना ती चैन वाटली. चिमटा आणि तेलाचे दोन शॉकअप ही आजची ओळखीची रचना रॉयल एन्फिल्डच्या बुलेटवर १९४८-४९ मध्ये आली. पुढं १९५५ पासून मद्रासमध्ये तीच बुलेट बनू लागली आणि दोन शॉकअपची गाडी हीच आपल्याकडं मोटरसायकलची व्याख्या होऊन बसली.

एकाच शॉकअपची, म्हणजे मोनोशॉकची, कल्पना बेल्जियममधल्या लीएजच्या ल्युसियाँ टिल्केन्स या अभियंत्याची. यामाहानं ती घेतली आणि १९७३ मध्ये हाकान अँडरसननं त्या गाडीवर २५० सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं. भारतात रोजच्या वापराच्या गाडीत मोनोशॉक रुळायला बराच काळ गेला. २००४ ची होंडा युनिकॉर्न आणि २००८ ची यामाहा एफझी या गाड्यांनी तो घराघरांत नेला. लांबच्या प्रवासासाठी घेतली जाणारी रॉयल एन्फिल्ड हिमालयन २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्या मागच्या चाकाला १८० मिलिमीटर वर-खाली व्हायला जागा होती. २०२३ च्या नव्या हिमालयनला ती २०० मिलिमीटर झाली. याच कंपनीच्या इंटरसेप्टर ६५० ला मागं आहेत ८८. हे तीन आकडे लक्षात असू द्या.

या उद्योगाचा मोठा भाग महाराष्ट्रातच आहे, हे बाइकवाल्यांच्या गप्पांत क्वचितच येतं. गॅब्रिएल इंडियाची सुरुवात १९६१ ची, मुलुंडची, म्हणजे भिवंडीपासून खाडी ओलांडली की लगेच. आज तिचे दुचाकींचे शॉकअप नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत बनतात. एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची. तेव्हा आग्रा रोडवर कसारा उतरणाऱ्या टेंपोत शॉकअपचे खोके असण्याची शक्यता बरीच, आणि समोरून येणाऱ्या बाइकवाल्याच्या पाठीला ते कसे वागताहेत हे त्याच रस्त्यावर ठरतं.

आता गणिताकडं येऊ. फार नाही, पण टाळून चालणार नाही.

स्प्रिंगचा कडकपणा एक मिलिमीटर दाबायला किती न्यूटन बळ लागतं यावर मोजतात. समजा एका मोनोशॉकची स्प्रिंग १०० न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे. पण शॉकअप चाकाच्या आसावर नसतो, चिमट्याच्या मुळाशी असतो. चाक २५ मिलिमीटर उचललं तर शॉकअप साधारण १० मिलिमीटर दबतो असं धरा, म्हणजे गुणोत्तर अडीच. चाकापाशी जाणवणारा कडकपणा काढायला स्प्रिंगच्या आकड्याला या गुणोत्तराच्या वर्गानं भागायचं. अडीचचा वर्ग सव्वासहा, म्हणून १०० ची स्प्रिंग चाकापाशी फक्त १६ न्यूटन प्रति मिलिमीटर भरते.

हिमालयनसारख्या गाडीवर एकटा स्वार बसला की ती सुमारे ५५ मिलिमीटर दबलेली असणं ठीक. १८० पैकी ५५ गेले, खड्ड्यासाठी १२५ उरले. मागं ६० किलोचा माणूस बसला आणि दोन्ही बाजूंच्या पेट्या, तंबू, पाण्याचा कॅन मिळून २५ किलो झाले. हे ८५ किलो जवळपास सगळे मागच्या चाकावर येतात. त्यांचं बळ सुमारे ८३४ न्यूटन. भागिले १६, म्हणजे आणखी ५२ मिलिमीटर. गाडी १०७ वर बसली आणि खड्ड्यासाठी राहिले ७३. अनगावच्या पुढं पहिला खोल खड्डा आला की दट्ट्या तळाला आपटतो आणि तो दणका थेट मणक्यात जातो. मागं बसलेल्याच्या मणक्यात जरा जास्तच, कारण तो आसाच्या जवळ असतो आणि त्याला पायांवर उभं राहायची सवय नसते.

इथं उस्तादांची खाच काय करते? प्रीलोड १० मिलिमीटर वाढवला तर चाकापाशी गाडी २५ मिलिमीटर वर येते. ५२ गेले होते, २५ परत मिळाले. त्यात खोटं काही नाही. पण स्प्रिंग होती तेवढीच राहिली, प्रीलोडनं तिचा कडकपणा तसूभरही वाढत नाही. बदलते ती फक्त ती कुठून सुरुवात करते ती जागा. माझ्या मते या विषयातला सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज हाच आहे, आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत खाचांपुढं 'सॉफ्ट' आणि 'हार्ड' लिहून त्याला खतपाणीच घातलं जातं.

ट्रकवाले हे जास्त नीट जाणतात. आग्रा रोडच्या कडेला पाटे बसवणाऱ्यांची दुकानं असतात. जास्त भार वाहायचा तर ते गाडीला वरून एक-दोन पाटे वाढवतात, आणि हे पाटे गाडी रिकामी असताना सुटे राहतात, भार पडला की मगच टेकतात. मोटरसायकलच्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगमध्ये हीच युक्ती आहे. एका टोकाचे वेढे जवळजवळ असतात. ते आधी दबून एकमेकांना टेकतात आणि निकामी होतात, मग उरलेली कमी वेढ्यांची स्प्रिंग कडक लागते. कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट चालतो आणि तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १० मिलिमीटरच्या तारेऐवजी ११ मिलिमीटरची तार घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. म्हणून नुसत्या डोळ्यांनी पाहून 'ही जाड दिसते, ही घ्या' म्हणणारा विक्रेता तुम्हाला पार वेगळ्याच गाडीची स्प्रिंग देऊ शकतो.

मग आपल्याला कोणती लागेल? मोजायला एक टेप आणि दोन मित्र पुरतात. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक लोंबकळत ठेवा आणि आसापासून सरळ वर, शेपटीवरच्या एखाद्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर, कोणी न बसता. मग संपूर्ण प्रवासाच्या तयारीत: हेल्मेट, जॅकेट, मागचा माणूस, पेट्या भरलेल्या. दर वेळी गाडी एकदा दाबून सोडायची, एकदा उचलून सोडायची आणि दोन्हींची सरासरी घ्यायची, कारण सील आणि बुशांचं घर्षण काही मिलिमीटर खातं. सामानाचं वजन अंदाजानं धरू नका. भिवंडीत प्रत्येक ट्रान्सपोर्ट ऑफिसात पार्सल तोलायचा काटा असतो. पेट्या त्यावर ठेवल्या की लोकांचा १५ किलोचा अंदाज बहुधा कोसळतो. ट्रकच्या मोठ्या वजनकाट्यावर जाऊ नका, त्याला एवढ्या बारीक वजनाशी देणंघेणं नसतं.

पूर्ण भारात गाडी एकूण जागेच्या साधारण ३० ते ३५ टक्के दबलेली हवी. १८० च्या गाडीला ५५ ते ६० मिलिमीटर. प्रीलोड फिरवून ते जमवा. ते जमलं की भार उतरवून पुन्हा मोजा, आणि खरा निकाल इथं लागतो. रिकामी गाडी स्वतःच्या वजनानं थोडी तरी, १०-२० मिलिमीटर, दबायलाच हवी. ती अजिबात दबत नसेल, ताठ उभी असेल, तर स्प्रिंग मऊ आहे. तुम्ही प्रीलोडच्या जोरावर ती ओढूनताणून वर धरली आहे. उलट रिकामी गाडीच फार दबत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. पहिल्यांदा ऐकताना हे उफराटं वाटतं. पण कडक स्प्रिंगला योग्य उंचीसाठी प्रीलोड कमी लागतो, म्हणून रिकामी असताना ती सैल बसते. दोन्ही आकडे एकत्र पाहिल्याशिवाय स्प्रिंगबद्दल बोलूच नये.

स्प्रिंग बदलली की काम अर्ध्यावर येतं. कडक स्प्रिंग दबली की जास्त ऊर्जा साठवते आणि सोडताना जास्त जोरात सोडते. तिला आवरणारा डँपर मात्र जुन्या मऊ स्प्रिंगसाठी बेतलेला. परिणाम असा की खड्ड्यातून गाडी निघते आणि मागचा माणूस सीटवरून उडतो. कंपनीच्या बंद शॉकअपमध्ये नुसती जाड स्प्रिंग घालून आणणाऱ्यांची तक्रार हीच असते, आणि ते ती स्प्रिंगच्या माथी मारतात.

डँपरच्या आत तेलात एक दट्ट्या फिरतो आणि तेल बारीक भोकांतून जाताना अडतं. साध्या, ठरावीक भोकांच्या डँपरची अडचण अशी की तेलाचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. घाटातल्या वळणात गाडी हळू झुकते तेव्हा तो जवळजवळ काहीच करत नाही, गाडी डोलते. काँक्रीटची तुटलेली कड लागली की दट्ट्याला एकदम वेगानं सरकावं लागतं, भोकं अपुरी पडतात आणि शॉकअप क्षणभर लोखंडी कांब होतो. इथं वेग म्हणजे दट्ट्याचा, गाडीचा नव्हे. ताशी ३० नं धारदार कडेवर गेलात तर दट्ट्याचा वेग जास्त. ताशी ८० नं गुळगुळीत उंचवट्यावरून गेलात तर कमी. चांगल्या शॉकअपमध्ये भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत असते. हळू हालचालीत त्या बंद राहून तेल अडवतात, दाब वाढला की वाकून वाट देतात. महागड्या शॉकअपच्या किमतीतला सर्वांत सार्थ भाग या चकत्यांचा. सोनेरी रंगाचे पैसे वेगळे.

खड्ड्याच्या वेळा पाहिल्या की हे आणखी उलगडतं. ताशी ६० नं जाताना अर्ध्या मीटरचा खड्डा ३ शतांश सेकंदात पार होतो. तेवढ्यात चाक नुसत्या गुरुत्वानं अर्धा सेंटिमीटरही पडत नाही. त्याला खाली ढकलते ती स्प्रिंग. रिबाउंडचा, म्हणजे दबलेल्या स्प्रिंगच्या परत उसळण्यावरचा, लगाम फार आवळला असेल तर चाक वेळेत खाली येत नाही. एका खड्ड्यात ते फारसं बिघडवत नाही. पण वाडा रोडसारखा ओळीनं खड्ड्यांचा रस्ता असेल तर पहिल्या दणक्यात दबलेली गाडी पुरती वर यायच्या आत दुसरा बसतो, मग तिसरा, आणि ती पायरीपायरीनं खाली बसत जाते. स्वाराला वाटतं शॉकअप कडक झाला. तो प्रीलोड आणखी वाढवतो. खरं तर रिबाउंड दोन क्लिक सैल करायला हवा असतो.

तिसरा शत्रू उष्णता. डँपरचं कामच उड्यांच्या ऊर्जेची उष्णता करणं आहे. खराब रस्त्यावर तासभर गेलं की तेल तापून पातळ होतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळले की फेस होतो, आणि फेस दट्ट्याला अडवत नाही. सकाळी वाडा रोडच्या सुरुवातीला शेलारपाशी ठीक वाटलेली गाडी कुडूसपर्यंत मागून नाचायला लागते ती यामुळं. फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ यानं १९५० च्या दशकात यावर उत्तर आणलं: एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू, मधे सरकता पडदा. दाबाखाली तेलात फेस धरत नाही. वायू नायट्रोजन असतो तो कोरडा असतो म्हणून. त्यात जादू काही नाही, आपल्या हवेतही ७८ टक्के तोच आहे. बाजूची बाटली तेल आणि वायूला जास्त जागा देते, त्यामुळं तेल सावकाश तापतं. रोज गोदामापर्यंत दहा किलोमीटर जाणाऱ्याला तिचा उपयोग शोभेपुरताच. स्पितीत दिवसभर खडीवर चालणाऱ्याला ती खरोखर लागते. या नळीत कित्येक बारचा दाब असतो, म्हणून तिला भोक पाडणं, वेल्डिंग करणं, जुन्या शॉकअपसारखं उघडून 'तेल बदलून देतो' म्हणणं जिवावर बेतू शकतं. दबलेली स्प्रिंग दोरी आणि स्क्रू-ड्रायव्हरनं काढण्याबद्दलही तेच.

पैसे किती आणि कुठं घालावेत यावर माझं मत सरळ आहे. आधी फुकटचं करा: टायरची हवा गाडीच्या पुस्तिकेतल्या डबलसीटच्या आकड्याप्रमाणं आणि प्रीलोड मोजून. मग चिमट्याचे बुश आणि मोनोशॉकच्या जोडदांड्यांची बेअरिंगं उघडून पाहा. दोन पावसाळ्यांचा चिखल खाल्लेली सुई-बेअरिंगं गंजून घट्ट झालेली असतात आणि मग जगातला कुठलाही शॉकअप त्यांच्यापुढं हतबल. हे झाल्यावरही रिकाम्या गाडीची परीक्षा नापास होत असेल, तर आपल्या वजनाची स्प्रिंग आणि किमान रिबाउंड बदलता येणारा डँपर एकत्र घ्या. स्वीडनची ओलिन्स किंवा थायलंडची वायएसएस यांसारख्या कंपन्या स्वाराचं आणि सामानाचं वजन विचारून स्प्रिंग सुचवतात. विक्रेता वजन विचारतच नसेल तर दुसरीकडं जावं.

इंटरसेप्टरवाल्यांसाठी मात्र कडू गोष्ट सांगायला हवी. ८८ पैकी २५-३० मिलिमीटर स्वाराच्या वजनानं जातात. उरलेल्या सहा सेंटिमीटरांत कितीही उत्तम डँपर घातला तरी वाडा रोड गोड होणार नाही. आपटणं कमी होईल, उडणं थांबेल, घाटात गाडी सरळ राहील. ते पुष्कळ आहे, पण तेवढंच आहे.

लांबीच्या बाबतीत हात सैल सोडू नये. मोनोशॉक १० मिलिमीटर लांब घेतला तर अडीचच्या गुणोत्तरानं शेपूट २५ मिलिमीटर उचललं जातं, पुढचा फोर्क जास्त उभा होतो, हँडल चपळ पण अस्थिर होतं, आणि साइड स्टँडवर गाडी फारच कलते. उलट, शेपूट दबलेल्या गाडीचा हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि कसाऱ्याच्या वळणात ती बाहेर बाहेर ओढते. मागचं सुधारल्यावर पुढचा फोर्क अचानक मऊ वाटू लागतो; तो बिघडलेला नसतो, आधी दोन्ही सारखेच कच्चे होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम ठामपणे लागू केलं. मूळ लांबीचा, मूळ जागी बसणारा शॉकअप घेण्याचं हेही एक कारण. वॉरंटी चालू असेल तर शोरूमला आधी विचारलेलं बरं.

बसवल्यावर पहिलं काम चेनचं: पूर्ण भार ठेवून तिचा ढिलेपणा पुन्हा पाहायचा, कारण चिमट्याचा कोन बदलला की चेन ताणली जाते. मग हेडलाइट खाली-वर करून घ्यायचा. मग रिबाउंडचा स्क्रू पूर्ण बंद करून तिथून उलटे क्लिक मोजत कंपनीनं सांगितलेल्या आकड्यावर आणायचा आणि तो वहीत लिहायचा. चाचणीसाठी एकच पट्टा धरावा, उदाहरणार्थ अनगाव ते अंबाडी नाका, एकाच वेगानं, तेच सामान घेऊन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन क्लिकच्या वर नाही. प्रीलोड आणि रिबाउंड एकदम फिरवलं तर गाडी सुधारली की बिघडली हे कळतं, कशामुळं ते कळत नाही. आणि विकत घेण्याआधी विक्रेत्याला दोन प्रश्न विचारायचेच: याचे सील सुटे मिळतात का, आणि आत पुन्हा तेल नि नायट्रोजन भरून देणारा माणूस मुंबई-ठाण्यात कुठं आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर तो शॉकअप, कितीही देखणा असो, सील गेल्या दिवशी भंगारात जाईल.